एक एकर म्हणजे परसबाग नव्हे

मराठवाड्यातील महिलांच्या ‘एक एकर’ शेतीला परसबागेचा छंद म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनकामातून प्रेमा गोपालन यांनी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी केली. २०१७ मध्ये तिला इक्वेटर पुरस्कार मिळाला. तिची ‘एक एकर’ पद्धत अशी: धाराशिव-लातूरच्या दुष्काळी पट्ट्यात घरच्या जमिनीतला एकरभर तुकडा बाईने कसायला मागून घ्यायचा आणि त्यात कडधान्ये, ज्वारी-बाजरी, भाजीपाला घ्यायचा. खत शक्यतो घरचेच. नगदी पीक बुडाले तरी कणगी रिकामी राहत नाही, हा त्यामागचा हिशेब. टीकेला जागा आहे, पण ती सातबाऱ्यावर. तो बहुधा पुरुषाच्याच नावे असतो आणि नावाशिवाय कसणारणीला पीककर्ज किंवा नुकसानभरपाई मिळणे अवघड जाते.