कंपनीने सोडलेला खेळ, पोरांनी लावलेली ठिगळे

मे महिन्यातल्या एका रविवारी बहिणीकडे गेलो होतो. जेवणे आटोपली होती, मेहुणे आडवे झाले होते आणि आतल्या खोलीतून टाळ्या-शिट्ट्यांचा आवाज येत होता. भाचा संगणकावर क्रिकेट खेळत होता. सामना आयपीएलचा. राजस्थानचा गुलाबी गणवेश, पडद्याच्या तळाशी वाहिनीवर असते तशी धावफलकाची पट्टी आणि सलामीला वैभव सूर्यवंशी. मी विचारले, ‘नवा खेळ दिसतोय. केवढ्याला पडला?’ तो हसला. ‘मामा, हा माझ्याहून मोठा आहे. २००६ चा! फक्त पॅच मारलाय.’

सूर्यवंशीचा जन्म मार्च २०११ चा. म्हणजे खेळ बाजारात आला तेव्हा जो जन्मालाही आला नव्हता, तो त्या खेळात चेंडू सीमापार धाडत होता. हा चमत्कार केला कोणी? कंपनीने खचितच नाही.

‘क्रिकेट ०७’ हा खेळ इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, अर्थात ‘ईए’, या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये आणला. तो बनवला कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने. भारतीय संघाचा अधिकृत परवाना नसल्यामुळे आपल्या खेळाडूंची नावे त्यात मोडतोड करून घातली होती. तरीही सायबर कॅफेपासून वसतिगृहांपर्यंत तो सगळीकडे पोचला. त्यानंतर मात्र कंपनीने या मालिकेतला पुढचा खेळ काढलाच नाही. २००७ मध्ये आपण ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला, २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली, खेळाडू आले आणि निवृत्तही झाले. खेळ मात्र २००६ सालातच थांबून राहिला. तो पुढे ढकलला तो हौशी पोरांनी.

ही करामत समजायला संगणकशास्त्र लागत नाही. असा खेळ म्हणजे एक नाटक समजा. चेंडू कसा उडेल, फलंदाज कधी बाद होईल हे ठरवणारी संहिता वेगळी आणि नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा वेगळी. संहितेला हात न लावता कपडेपट बदलता येतो. गणवेशांची, चेहऱ्यांची, मैदानांची चित्रे मोठ्या फायलींत बांधलेली असतात. खेळाडूंची यादी आणि त्यांचे गुण आणखी एका फायलीत. पोरांनी ही गाठोडी सोडली, आतली चित्रे बदलली आणि पुन्हा बांधली. असल्या बदलाला ‘मॉड’ म्हणतात. आपली मुले ‘पॅच’ म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. विरलेल्या लुगड्यांची गोधडी करणाऱ्या आपल्या आज्यांना ही विद्या नवी वाटली नसती.

ऐकायला हे सारे गोड आहे. पण त्याच्या मागच्या वर्षी या ठिगळापायी बहिणीच्या घरात जे घडले, तेही सांगायला हवे. मूळ पॅच जिथे मिळतो त्या जागेऐवजी तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जागेवरून भाच्याने फाइल उतरवली. सोबत सूचना होती : ‘अँटीव्हायरस चुकीचा इशारा देतो, तो बंद करा.’ त्याने बंद केला. दोन दिवसांनी बहिणीच्या ई-मेलवरून नातेवाइकांना पैसे मागणारी पत्रे गेली. संगणक पूर्ण पुसून नव्याने उभा करावा लागला. त्यात आमच्या वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो होते. दुसरी प्रत कुणीच काढून ठेवली नव्हती. वडील आता नाहीत. बहीण मुलाला एका शब्दाने बोलली नाही. त्यालाच ते जास्त लागले असावे.

यात भाचा एकटा वेंधळा होता असे मात्र नाही. जून २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ या जगप्रसिद्ध खेळाच्या मॉडमधून ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा विषाणू पसरला. तोही आडवाटेच्या ठिकाणाहून नव्हे, तर ‘कर्सफोर्ज’सारख्या नामांकित साठ्यातून. काही मॉडकर्त्यांची खाती चोरांच्या हाती गेली होती. विषाणू ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलत होता. तो शोधण्यात, ओळखण्याची साधने लिहिण्यात आणि लोकांना सावध करण्यात त्याच खेळाच्या स्वयंसेवकांचा मोठा वाटा होता.

मुद्दा इथे येतो. या सगळ्या व्यवहारात ‘ग्राहक सेवा’ कोण देतो? संगणक पुसल्यावर भाच्याने खेळ पुन्हा बसवला तर पडदा काळाच. कंपनी तो खेळ आता विकतही नाही, मग दाद कुणाकडे मागायची? शेवटी पॅच बनवणाऱ्यालाच त्याने लिहिले. तो निघाला कराचीचा, अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याने चार रात्री एकेक पायरी लिहून पाठवली. खेळ विंडोजच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवू नकोस, तिथे जुन्या खेळांना लिहायची परवानगी मिळत नाही. आधी मूळ खेळ एकदा चालवून बघ. मग त्याची संपूर्ण प्रत बाजूला ठेव. त्यानंतरच पॅच, तोही एका वेळी एकच. कारण नंतरचा आधीच्याला झाकतो आणि बिघाड कुणाचा ते कळत नाही. चौथ्या रात्री वानखेडेचे दिवे लागले. त्या दोघांनी एकमेकांचे चेहरे अजून पाहिलेले नाहीत.

अशा बिनपगारी कारागिरांवर या धंद्याच्या मोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या, हे किती जणांना ठाऊक असते? ‘काउंटर-स्ट्राइक’ हा १९९९ मध्ये दोन तरुणांनी ‘हाफ-लाइफ’ या खेळावर चढवलेला मॉडच होता. व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेतला, त्या तरुणांनाही कामावर घेतले. ‘डोटा’चा उगमही ‘वॉरक्राफ्ट ३’ च्या हौशी नकाशांत आहे. मात्र २०१५ च्या एप्रिलमध्ये व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी ‘स्कायरिम’चे मॉड विकायची सोय केली, तेव्हा किमतीचा चौथा हिस्सा मॉडकर्त्याला आणि उरलेले पाऊण दोन्ही कंपन्यांना, असा हिशेब ठेवला. गदारोळ इतका झाला, की आठवडा उलटायच्या आत योजना गुंडाळून पैसे परत करावे लागले. लोकांचा आक्षेप केवळ वाटणीला नव्हता. पैसे घेतले की जबाबदारी येते. उद्या मॉड बिघडला तर दुरुस्ती कोणी करायची, या प्रश्नाचे नीट उत्तर कुणापाशीच नव्हते.

फुकटच्या मॉडलाही कंपनीच्या मर्जीची टांगती तलवार असतेच. ‘फॉलआउट : लंडन’ हा हौशी मंडळींनी अनेक वर्षे खपून केलेला भव्य मॉड २३ एप्रिल २०२४ ला यायचा होता. कंपनीने २५ एप्रिलला मूळ खेळात सुधारणा आणण्याचे जाहीर केले. पाया हलणार म्हटल्यावर यांना मुहूर्त जुलैपर्यंत पुढे ढकलावा लागला. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. भाड्याच्या जागेत स्वखर्चाने माडी बांधली, की असे व्हायचेच.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चर्चा झाली ती जुगाराची आणि व्यसनाची. ती व्हायलाच हवी होती. पण विकत घेतलेला खेळ कंपनीने सोडून दिल्यावर त्याचे काय व्हावे, हा प्रश्न आपल्या चर्चेत येत नाही. युरोपात तो आला आहे. ‘द क्रू’ हा खेळ २०२४ मध्ये कंपनीने कायमचा बंद केल्यावर तिथे नागरिकांनी मोहीम उघडली आणि २०२५ मध्ये दहा लाखांवर सह्या गोळा झाल्या. मागणी साधी : विकलेला खेळ निदान चालू राहील अशा अवस्थेत सोडून जा.

हे अशक्य आहे, असे कंपन्या सांगतात. पण ‘डूम’ची मूळ संहिता आयडी सॉफ्टवेअरने १९९७ मध्येच खुली केली आणि तो खेळ आजतागायत जिवंत आहे. खुद्द ईएने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘कमांड अँड कॉन्कर’ मालिकेतल्या काही जुन्या खेळांची संहिता खुली केली. क्रिकेटच्या वाट्याला ते भाग्य आलेले नाही. संहिता खुली असती आणि अधिकृत ठिकाणी मिळाली असती, तर मुलांना आडवळणाच्या दुकानांत जावे लागले नसते. चाव्या मालकानेच दिल्या, तर कुलूप फोडणाऱ्यांचा धंदा आपोआप बसतो.

तोवर पालकांनी काय करावे? बंदी घालून उपयोग नाही; मुले मित्राच्या घरी जाऊन तेच करतील. संगणकावर मुलाचे खाते वेगळे, मर्यादित अधिकारांचे करा. फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवा. ‘अँटीव्हायरस बंद कर’ असे कुणी सांगितले, तर ती फाइल तिथेच सोडायची, एवढा एक नियम घरात पक्का करा. आणि मुलगा तासभर फायली इकडून तिकडे हलवताना दिसला, तर ‘पुन्हा गेम?’ म्हणून ओरडण्याआधी दोन मिनिटे शेजारी बसा. कदाचित तो खेळत नसेल, दुरुस्ती करत असेल.

त्या दुपारी मी निघायच्या सुमारास भाच्याने खेळ थांबवला होता आणि तो काहीतरी टंकत होता. पूर्णियाच्या एका मुलाचा पडदा काळा येत होता. भाच्याने त्याला पहिली ओळ लिहिली, ती मी वाचली : ‘काही करण्याआधी घरातले फोटो दुसरीकडे काढून ठेव.’