खजिन्यावाचून संघ नाही

ज्या १७८७ साली छत्तीसगडचा कारभार पाहणारे बिंबाजी भोसले रतनपुरास निवर्तले, त्याच साली फिलाडेल्फियात अमेरिकेच्या बारा राज्यांचे प्रतिनिधी आपला मोडकळीस आलेला संघ सावरण्याची मसलत करीत होते. त्यांच्या १७८१ च्या करारान्वये मध्यवर्ती सभेस युद्ध पुकारण्याचा अधिकार होता, परंतु फौजेचा पगार भागविण्यासाठी एक पैचाही कर बसविण्याचा नव्हता. सभेने वर्गणी मागावी आणि राज्यांनी ती मनास येईल तेव्हा द्यावी, असा सारा व्यवहार. आयात मालावर शेकडा पाच जकात बसविण्याची सूचना पुढे आली, तेव्हा दुरुस्तीस तेराही राज्यांची संमती आवश्यक असल्यामुळे एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने ती बारगळली. अखेर नवी राज्यघटना लिहूनच संघास स्वतःचा खजिना मिळाला.

आपल्या पूर्वजांना ही दुरुस्ती साधली नाही, याचे शल्य मला आजही वाटते. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांच्या पराक्रमात काही उणे नव्हते. तथापि प्रत्येकाचा सरंजाम, फौज आणि वसुली निराळी, आणि त्यांना एकत्र बांधणारे सूत्र म्हणजे बव्हंशी नाना फडणीसांसारख्या मुत्सद्द्याची वैयक्तिक करामत. १८०० साली नाना गेले. १८०३ साली असईस शिंदे-भोसले इंग्रजांशी झुंजत असता होळकर अलिप्त राहिले, आणि त्याच डिसेंबरात भोसल्यांनी देवगावास व शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावास वेगवेगळे तह केले.

म्हणूनच प्रबळ केंद्राचा मी निःसंकोच पुरस्कर्ता आहे. भिलाईचा पोलाद कारखाना हे अशा केंद्राचेच कार्य होय: १९५५ साली भारत सरकारने सोव्हिएत संघाशी करार केला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. एवढे भांडवल आणि एवढा परराष्ट्रीय करार एकट्या प्रांताच्या आवाक्यातला नव्हता.

परंतु दल्ली-राजहऱ्याच्या ज्या डोंगरांतून या भट्ट्यांना लोहखनिज मिळत आले, ते डोंगर पोखरले जाण्याची, तेथील लाल मातीने गढूळलेल्या पाण्याची आणि खाणींभोवतीच्या वस्त्यांची जबाबदारी प्रथम राज्यावर येते, ही वस्तुस्थिती दिल्लीने विसरता कामा नये. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने खनिजहक्कांवर कर बसविण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. या खटल्यात भिलाई कारखान्याची मालक असलेली स्टील अथॉरिटी हीही पक्षकार होती. राज्याराज्यांत करांची चढाओढ लागेल, ही भिन्नमत नोंदविणाऱ्या न्यायमूर्ती नागरत्ना यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही. या अधिकारावर मर्यादा घालण्याची मुभा संसदेस आहे. ती वापरण्यापूर्वी केंद्राने खनिजसंपन्न राज्यांना मसलतीस बोलवावे, आणि जे ठरेल ते एकतर्फी हुकमाने न लादता लेखी तरतुदीने बांधून घ्यावे.