छातीतली नळी आणि घरचा स्वयंपाक

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक दरवर्षी शाळेत येतं. डॉक्टर एकेका मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि एखाद्याच मुलापाशी जरा जास्त वेळ थांबतात. मग टू-डी इको, मग कागदपत्रं, मग ऑपरेशन. 1968 च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मुंबईच्या केईएममध्ये हृदय बदललं, तेव्हा रुग्ण काही तासच जगला. आज विडी कामगाराच्या मुलाच्या हृदयाचं छिद्रही सरकारी योजनेतून बुजवलं जातं आणि बहुतेक मुलं आठ-दहा दिवसांत घरी येतात. अल्लाहचे शुक्र. पण काही जणांच्या बाबतीत ऑपरेशन नीट होऊनही असं काही उद्भवतं, की घरच्यांना त्याचा अर्थच लागत नाही. या वेळी त्याविषयी लिहिते.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाचं असंच झालं. ऑपरेशननंतर छातीत नळी ठेवलेली असते. तिच्यातून आधी लालसर पाणी येतं, ते हळूहळू कमी होतं. याचं जेवण सुरू झालं आणि नळीतून दुधासारखं पांढरं पाणी येऊ लागलं. दादी रडायलाच लागली, पोराला पाजलेलं दूध छातीत उतरलं म्हणून. आईने तिला गप्प केलं, पण शंका तिलाही होतीच.

खरी गोष्ट अशी. आपण खाल्लेलं तूप-तेल आतड्यातून थेट रक्तात जात नाही. ते बारीक लसिकावाहिन्यांतून एका मुख्य वाहिनीत जमतं. ही वाहिनी पाठीच्या कण्यालगत वर चढते आणि डाव्या बाजूला मानेच्या तळाशी मोठ्या शिरेत रिकामी होते. लहान मुलात ती इतकी नाजूक असते, की सर्जनलाही सहज दिसत नाही. ऑपरेशनमध्ये तिला इजा झाली किंवा शिरांमधला दाब वाढला, तर ते स्निग्ध पाणी छातीत पाझरतं. डॉक्टर याला कायलोथोरॅक्स म्हणतात. त्यातून प्रथिनं जातात, रोगाशी लढणाऱ्या पेशी जातात, मूल वाळत जातं.

इलाज सुरू होतो तो स्वयंपाकघरातून. खाण्यातली चरबी बंद केली की वाहिनीतला प्रवाह कमी होतो आणि पुष्कळदा गळती आपोआप बुजते. चरबी अजिबात नको असंही चालत नाही, म्हणून एमसीटी नावाचं खास तेल देतात. त्यातली चरबी लसिकेच्या वाटेने न जाता सरळ रक्तात शिरते. ते महाग असतं आणि फोडणीला वापरायचं नसतं. तान्ह्या बाळासाठी काही रुग्णालयांत आईच्याच दुधातली साय यंत्राने काढून उरलेलं दूध देतात. एवढ्यानेही भागलं नाही तर तोंडाने खाणं थांबवून शिरेतून पोषण, औषधं आणि शेवटी वाहिनी बांधण्याचं ऑपरेशन.

ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्या घरात हे पथ्य कित्येक आठवडे पाळायचं म्हणजे काय, ते त्या आईला विचारा. ज्वारीची भाकरी चालते, पण सोलापुरात भाकरीबरोबर शेंगाचटणी नाही तर काय? तीच बंद, कारण शेंगदाणा म्हणजे तेलच. बिनफोडणीची डाळ, भात, अंड्याचा पांढरा भाग, साय पूर्ण काढलेलं दूध, फळं. आजाऱ्याला बघायला येणारे रिकाम्या हाताने येत नाहीत. कुणी पायाचा शोरबा आणतं, कुणी घरचं तूप, ‘पोराला ताकद येईल’ म्हणून. मध्येच ईद आली, शीरखुर्मा आला. ‘एका चमच्याने काय होतंय?’ असं म्हणणाऱ्या खालाला त्या माउलीने हात जोडून सांगितलं, की त्या चमच्यासाठी नळी पुन्हा घालावी लागेल. मला विचाराल तर अशा घरी जाताना केळी न्यावीत आणि लवकर उठावं. नळी निघाल्यावरही पथ्य कधी सोडायचं, ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच सांगतील.

वडीलधाऱ्यांचं दुखणं वेगळं. बायपासनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शांत स्वभावाचे अब्बा अचानक म्हणतात, भिंतीवर मुंग्या चालल्यात, नर्स विष देते आहे. घरात लगेच कुजबुज सुरू होते, ‘असर’ झाला. हा असर नव्हे, वेडही नव्हे. भूल, अपुरी झोप, जंतुसंसर्ग, रक्तातलं मीठ किंवा प्राणवायू कमी होणं, अशा कारणांनी मेंदू काही काळ गोंधळतो. डॉक्टरांना लगेच सांगा, कारण ते शोधतील. तुम्ही त्यांचा चष्मा द्या, ऐकण्याचं यंत्र लावा, आज वार कोणता ते सांगा. बहुतेकांचा गोंधळ काही दिवसांत निवळतो. नंतर त्यावरून त्यांची थट्टा मात्र करू नका.

घरी आल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ताप येणं आणि आडवं झालं, खोल श्वास घेतला की छातीत दुखणं, पुढे वाकून बसलं की बरं वाटणं, हे दिसलं तर तापाची गोळी देऊन वाट पाहू नका. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज येऊन तिथे पाणी साठलेलं असू शकतं. मूल सांगू शकत नाही, ते नुसतं मलूल होतं, उलट्या करतं. त्याच दिवशी दाखवा.

आणि कृत्रिम धातूची झडप. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली भारतीय झडप 1990 मध्ये पहिल्यांदा बसवली गेली, तेव्हापासून ती कितीतरी गरिबांच्या आवाक्यात आली. पण अशा झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती घेणाऱ्याने हिजामा करून घेऊ नये, रक्त थांबता थांबत नाही. लसूण-कलौंजीच्या कॅप्सूल किंवा हकिमाचं माजून डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. रोजे ठेवायचे असतील तर शाबानमध्येच त्यांना भेटून गोळीची वेळ ठरवून घ्यावी. त्यांनी नको म्हटलं तर आजाऱ्याला शरीयतने सवलत दिलेलीच आहे.

छातीवरची खूण लपवून मुलीचं लग्न लावणारी घरंही मी पाहिली आहेत. सासरी गोळ्या लपवाव्या लागतात, मग चुकतात आणि झडप अडकते. शिवाय गरोदरपणात यातल्या काही गोळ्या बाळाला अपाय करतात, आणि मनाने बंद केल्या तर आईचा जीव जातो. दिवस राहण्याआधीच हृदयाच्या डॉक्टरांना भेटावं लागतं. निकाहाची बोलणी होतील तेव्हा हे मुलाकडच्यांना सांगा, फाइल त्यांच्यासमोर ठेवा. ती वाचून ज्यांना उठून जायचं असेल, त्यांना जाऊ द्या.