दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू सोडणाऱ्यांच्या सभा

आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी होऊन सुमारे ५० वर्षे लोटली. ज्या सेगावात १९३६ साली महात्माजी राहावयास आले आणि ज्यास पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले, त्या भूमीत दारूचे उघडे दुकान नसावे ही गोष्ट भूषणावहच होय. परंतु दुकान नाही म्हणून पिणारा नाही, असे म्हणण्याचे धाडस आमच्या वाचकांपैकी कोणी करील असे आम्हांस वाटत नाही. मोहाची भट्टी नाल्याच्या काठी पेटते, बाटली शेजारच्या जिल्ह्यांतून येते, आणि पिणाऱ्यास ती सापडते. कायदा विकणाऱ्यास शासन करू शकतो. परंतु सकाळी दारूवाचून ज्याचे हात थरथरतात, त्यास बरे करणे हे कायद्याचे काम नव्हे. ते काम कोणाचे, याचा विचार आज करावयाचा आहे.

बंदीच्या जिल्ह्यात या व्यसनाची एक विशेष अडचण असते. जे पिणे मना आहे ते कबूल करणे म्हणजे गुन्हाच कबूल करणे, असे पिणाऱ्यास वाटते. म्हणून तो लपतो आणि त्याचे घरही त्यास लपविते. त्यातून आपणां शेतमालकांस अशी सवय जडली आहे की, दारूचा विषय निघाला की सालदाराकडे बोट दाखवावे. परंतु कापसाचा चुकारा हाती येताच जे दोन दिवस घरी परतत नाहीत, ज्यांचे शेत आज सावकाराकडे गहाण आहे, ते सारे मजूरच आहेत काय? सातबाऱ्यावर नाव असलेल्या घरांतही हे दुःख आहे. फक्त तेथे वाडा मोठा असल्याने आवाज बाहेर येत नाही.

अशा माणसास उपदेश पुष्कळ मिळतो. शपथाही तो अनेक वेळा घेतो. त्यास मिळत नाही ती आपल्यासारख्याच माणसाची संगत. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन नावाचा शेअरदलाल आणि डॉक्टर बॉब स्मिथ नावाचा शल्यवैद्य यांची गाठ पडली. दोघेही दारूने खचलेले होते. एकमेकांस आपली हकिकत सांगत राहिल्याने दारूपासून दूर राहता येते, हा अनुभव त्यांस आला आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही मंडळी निर्माण झाली. तिच्या सभेत वर्गणी नाही, प्रवेश-फी नाही, जातपात विचारीत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. तेथील बोलणे व नावे बाहेर न्यावयाची नाहीत, हा तिचा कटाक्ष आहे. आजचा एक दिवस प्यावयाचे नाही, एवढाच संकल्प तेथे करतात. २०२० साली २७ अभ्यासांचे एकत्र परीक्षण प्रसिद्ध झाले. या मार्गाने पद्धतशीर लावलेल्या लोकांत वर्षाअखेर दारूपासून पूर्ण दूर राहिलेले शंभरात सुमारे ४२, तर इतर उपचार घेतलेल्यांत सुमारे ३५ आढळले. हे काही रामबाण औषध नव्हे. परंतु विनामूल्य मिळणाऱ्या साधनाचे हे फळ तुच्छ मानण्यासारखेही नाही.

आपल्या महाराष्ट्रातही या कामाची परंपरा आहे. पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढले. गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दारूबंदीच्या चळवळीबरोबरच व्यसनी माणसाच्या उपचाराकडेही लक्ष दिले. बंदी व उपचार ही एकाच गाडीची दोन चाके आहेत, हा धडा आपण तेथून घ्यावा.

आता ही सभा शोधावी कशी? प्रथम एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास झटके येतात, भ्रम होतो, क्वचित प्राणावरही बेतते. म्हणून आधी वैद्याचा सल्ला घ्यावा. सेवाग्राम व सावंगी येथील मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. तेथील डॉक्टरांसच जवळची सभा कोठे व कोणत्या वारी भरते, हे विचारावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनःस्वास्थ्यासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत. पहिल्या दिवशी एकट्याने जाण्याचा संकोच वाटल्यास नागपूरसारख्या शहरी सभा पाहावी. तेथे कोणी ओळखीचा भेटण्याची धास्ती नसते. घरच्या मंडळींसाठी अल-अ‍ॅनॉन या नावाच्या निराळ्या सभा असतात. नवरा आला नाही तरी पत्नीने आपल्यापुरती ही वाट धरावी.

आणि आर्वी, आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरच्या एखाद्या खेड्यास सभा जवळ नसेल तर? अ‍ॅक्रन येथे आरंभी दोनच माणसे होती, हे विसरू नये. आमची सूचना अशी की, शेतकरी संस्थांनी बाजाराच्या दिवशी सायंकाळी आपली एक खोली या कामास द्यावी. बाजारास आलेला माणूस कोठे गेला, हे कोणी विचारीत नाही. ही मंडळी बाहेरचा पैसा घेत नाहीत, म्हणून खोलीचे नाममात्र भाडे घ्यावे. मात्र दारावर संस्थेची पाटी लावू नये, हजेरी घेऊ नये, आणि पंचांनी आत डोकावू नये. खोली देणे एवढेच आपले काम. बरे करणे हे त्या सभेचे काम.

लोक काय म्हणतील, ही शंका आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्याच्या दारूविषयी सारा गाव बोलतो, त्याच्या सभेस जाण्याने आणखी काय बोलले जावयाचे? कपाशीवर बोंडअळी पडली तर आपण शेजाऱ्यापासून ती लपवीत नाही. उलट त्याने काय केले, हे विचारावयास जातो. घरात शिरलेल्या या किडीविषयीही तेवढाच मोकळेपणा येईल, तर बंदीने ५० वर्षांत न साधलेले पुष्कळ काही साधेल, असा आमचा भरवसा आहे.