टाका, डिंक आणि बाळंतिणीची दुसरी फेरी

सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर पोटावरची त्वचा धाग्याने शिवावी की वैद्यकीय डिंकाने चिकटवावी, हा प्रश्न वरवर पाहता शल्यविशारदांच्या चर्चेचा आहे. राजकीय कार्यकर्त्याने त्यात लक्ष का घालावे, असे कोणालाही वाटेल. परंतु जेथे तंत्र निवडणारा एक, त्याचे पैसे मोजणारा दुसरा आणि त्याचे परिणाम भोगणारी तिसरीच असते, तेथे तो प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. तो अर्थकारणाचा होतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. डिंक लावला तरी गर्भाशय आणि पोटाचे आतले थर धाग्यानेच शिवावे लागतात. डिंकाचे काम सर्वांत वरच्या त्वचेपुरते असते. सायनोॲक्रिलेट हे त्या द्रव्याचे नाव. बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत असताना १९४२ मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीच्या संशोधकांच्या हाती ते लागले. घरात तुटके कप जोडणारा चिवट गोंद त्याच कुळातला. जखमेसाठीचा प्रकार मात्र वेगळा, शरीराला सोसेल असा बनवलेला असतो. त्यातील आजच्या प्रचलित प्रकारास अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. त्वचेवर त्याचा पापुद्रा धरतो आणि पाच ते दहा दिवसांत तो आपोआप गळून पडतो. टाके काढण्याचा त्रास नाही, हे त्याचे मुख्य आकर्षण.

आता पुरावा. इस्रायलमध्ये सिझेरियन झालेल्या १०४ स्त्रियांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डिंक आणि त्वचेखालून घातलेला धागा यांची तुलना झाली. व्रणाच्या रूपात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांवरील ३३ अभ्यासांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१४ मध्ये घेतला. जंतुसंसर्गाच्या बाबतीत फरक दिसला नाही. मात्र जखम उसवण्याचे प्रमाण धाग्याने कमी राहते, असा त्याचा निष्कर्ष होता. थोडक्यात, डिंक टाकाऊ नाही आणि तो चमत्कारही नाही. जखम चिघळते की नाही हे प्रामुख्याने वेगळ्याच गोष्टींवर ठरते: हात व उपकरणांची स्वच्छता, छेद घेण्यापूर्वी दिलेले प्रतिजैविक, आणि त्या स्त्रीच्या अंगातले रक्त. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, हे येथे विसरता येत नाही.

मग टाक्याचा खरा खर्च कोणता? तो शिवऱ्याहून पाहिला तर दिसतो. पुणे-सातारा रस्त्यावरील भोर तालुक्यातले हे गाव. येथल्या शेतमजूर स्त्रीचे सिझेरियन भोरला झाले आणि त्वचेला साधे, काढावे लागणारे टाके घातले, तर आठवड्याभराने तिला पुन्हा कापूरहोळचा फाटा ओलांडून भोर गाठावे लागते. कडेवर तान्हे मूल, सोबत नवरा किंवा सासू. एस.टी.त स्त्रियांना २०२३ पासून निम्मे भाडे लागते खरे. पण सोबत्याची बुडालेली मजुरी कोण भरून देणार? वेल्ह्याच्या डोंगरातील वाड्यांवर तर हा हिशेब याहून कडवट आहे. रुग्णालयाच्या जमाखर्चात ही दुसरी फेरी कोठेही नोंदली जात नाही. स्वस्त धागा घेऊन सरकारची बचत होते, आणि तोच खर्च गुपचूप सर्वांत गरीब कुटुंबाच्या माथी जातो. अर्थशास्त्रात याला खर्चाचे स्थलांतर म्हणता येईल. साध्या भाषेत तो अन्याय आहे.

डिंकाचा पुरस्कार करणारे नेमका हाच मुद्दा पुढे करतात, आणि तो खोटा नाही. परंतु तुलना कशाशी होते आहे, हे पाहिले पाहिजे. त्वचेखालून घातलेला, शरीरात विरघळणारा धागाही काढावा लागत नाही. म्हणजे दुसरी फेरी वाचवण्यासाठी महागड्या नळीचीच गरज आहे असे नाही. गरिबांना जुने आणि श्रीमंतांना नवे, ही विभागणी समाजवादी विचाराला मान्य होणार नाही, हे खरेच. तथापि, समता वस्तूची नव्हे, परिणामाची मागावयाची असते. पुराव्याने जे तोडीस तोड ठरते आणि कमी पैशात सर्वांना पुरते, ते सार्वजनिक खर्चाने सर्वांना मिळणे, हीच समता होय.

खाजगी क्षेत्रातील चित्र निराळे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण दहा टक्क्यांपुढे गेल्याने माता व बालमृत्यू आणखी घटत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे. जेथे छेदच अनावश्यक असू शकतो, तेथे तो कशाने बंद केला याची जाहिरात करणे म्हणजे मूळ प्रश्नावर डिंक फासणे होय.

कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यावे? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून सरकारी रुग्णालयातील सिझेरियन, औषधे व साहित्य मोफत दिले आहे. विरघळणारा धागा त्या मोफत साहित्यात प्रत्यक्ष उपलब्ध असतो का, हे रुग्ण कल्याण समितीत विचारावे. काढावे लागणारे टाके घातलेच, तर ते गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढण्याची व्यवस्था असावी. त्यासाठी शल्यविशारद लागत नाही. खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक व रुग्ण हक्कांची सनद लावणे राज्याच्या २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ते लावले आहे का, आणि बिलात डिंकाची किंमत स्वतंत्र दाखवली जाते का, हे पाहावे.

१९७५ मध्ये हाथी समितीने औषधांचा विचार बाजाराच्या नव्हे, जनतेच्या गरजेच्या अंगाने करण्याची दिशा दाखवली होती. सुईदोऱ्याचा प्रश्न त्याहून लहान आहे. पण बाळंतिणीची ती दुसरी फेरी टळली, तर शिवऱ्यातल्या घरात त्या दिवशीची मजुरी शिल्लक राहील.