अक्षतांचे चौकोन

लग्नाच्या जुन्या डीव्हीडीची फाइल करून देताना दुकानदाराने ‘फोर-के’ म्हटले, की गिऱ्हाईक बाकीचे काही विचारायचे विसरते. या आठवड्यात पाहायला मिळालेली फाइल अशीच होती. लग्न २००६ सालचे, चित्रण तीन तासांचे, डिस्क एकच. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात आणि नेमक्या त्या क्षणी वधूवरांच्या चेहऱ्यांचे चौकोन होतात. फोर-केमध्ये ते चौकोन मोठे झाले, त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या, एवढाच फरक. डिस्क जुनी होऊन खराब झाली, अशी घरच्यांची समजूत. डिस्कवर मात्र एकही ओरखडा नाही आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाही चुकीशिवाय वाचली जाते. बिघाड डिस्क राइट करण्याआधीच झाला होता, आणि त्याचे मूळ आवाजाच्या सेटिंगमध्ये होते.

हे ऐकून अनेकांना नवल वाटेल, म्हणून हिशेब मांडायला हवा. साध्या एकपदरी डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात. तीन तासांवर ते वाटले, तर दर सेकंदाला सुमारे ३.४८ मेगाबिट वाट्याला येतात. चित्र, आवाज, मेनू सगळे त्यातच बसवायचे. या डिस्कवरचा आवाज पीसीएम, म्हणजे अजिबात न आवळलेला आहे. ४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, दोन चॅनेल: सेकंदाला १.५३६ मेगाबिट. तीन तासांचा हा आवाज एकटाच दोन अब्ज बाइटांहून अधिक जागा खातो. चित्रासाठी उरतात जेमतेम १.९४ मेगाबिट. तोच आवाज डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीने १९२ किलोबिटवर ठेवला असता, तर चित्राला ३.२९ मेगाबिट मिळाले असते. कॅमेऱ्यावरच्या माइकने टिपलेल्या मंडपातल्या गोंगाटात हा फरक कानाला कळलाही नसता.

आता याच डिस्कशेजारी व्हीसीडी ठेवून पाहावी. डीव्हीडी आल्यावर जिला सगळ्यांनी हिणवले, तीच व्हीसीडी. तिचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे आणि चित्राचा बिटरेट १.१५ मेगाबिट. डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे ठिपके चौपटीहून थोडे जास्त. दोन्हींत सेकंदाला २५ फ्रेम. भागाकार केला की व्हीसीडीत एका ठिपक्याच्या वाट्याला ०.४५ बिट येतो आणि या लग्नाच्या डीव्हीडीत ०.१९. निम्म्याहूनही कमी. डीव्हीडीचे एमपेग-२ तंत्र व्हीसीडीच्या एमपेग-१ पेक्षा सुधारलेले आहे, चढता-उतरता बिटरेटही त्याला वापरता येतो. पण एवढी तूट भरून काढण्याचे बळ त्यात नाही. तीन व्हीसीडींचा संच कपाटात टाकून ज्यांनी हौसेने एक डीव्हीडी करून घेतली, त्यांनी प्रत्येक ठिपक्यामागे निम्म्याहून अधिक माहिती गमावली, आणि तीही अशा आवाजापायी, जो टीव्हीच्या छोट्या स्पीकरवरच ऐकला जाणार होता.

सगळे चित्र सारखे बिघडत नाही, म्हणून तर दोष डिस्कवर जातो. एमपेग-२ चा एन्कोडर चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे तुकडे पाडतो आणि आधीच्या फ्रेममधला तोच तुकडा कुठे सरकला ते शोधतो. स्वागताला उभी असलेली मंडळी, स्टेजवरच्या खुर्च्या, मागची झालर यात हा शोध सहज लागतो आणि बिट वाचतात. अक्षता उडाल्या की शेकडो दाणे शेकडो दिशांना जातात. आधीच्या फ्रेममध्ये त्यांचा माग सापडत नाही. त्यातच फोटोग्राफरचा फ्लॅश उडतो आणि एक-दोन फ्रेम पांढऱ्याफटक होतात. पुढची फ्रेम जिच्या आधाराने बांधायची ती फ्रेमच निकामी. एन्कोडरला त्या घडीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट बिट हवे असतात आणि पिशवी रिकामी असते. मग तो बारकावे सोडतो आणि उरतात सपाट चौकोन. ज्या क्षणासाठी सगळे चित्रण केले, तोच क्षण सगळ्यात आधी बळी जातो.

उपाय तेव्हाही होते. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या, डीव्हीडीच्या नियमात ३५२ बाय ५७६ हा आकार बसतो. एसी-३ आवाजाबरोबर तो घेतला, तर त्याच तीन तासांत प्रत्येक ठिपक्याला ०.६५ बिट मिळतो. पूर्ण आकार हवाच असेल, तर लग्न दोन डिस्कवर विभागायचे. तिथेही आकडा ०.६५ च्या आसपासच येतो. एन्कोडिंग दोन फेऱ्यांत केले असते, म्हणजे पहिल्या फेरीत अवघड जागा हेरून दुसऱ्या फेरीत तिथे जास्त बिट दिले असते, तर अक्षतांना न्याय मिळाला असता. पण दोन फेऱ्यांना वेळ दुप्पट लागतो, आणि लग्नसराईत कॉम्प्युटर मोकळा नसतो. एसी-३ साठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना डॉल्बीचा परवाना घ्यावा लागे. त्या पेटंटांची मुदत २०१७ मध्ये संपली. तोवर बरीच स्वस्त सॉफ्टवेअर पीसीएमवरच थांबत. तरीही परवान्याची सबब पुरेशी नाही. पाल डीव्हीडीला एमपेगचा लेयर-२ आवाजही चालतो, आणि त्या काळातल्या व्हीसीडीही त्याच आवाजावर चालत होत्या. खरी अडचण ‘अख्खे लग्न एका डिस्कवर’ या जाहिरातीची होती, असे या स्तंभाचे ठाम मत आहे. दुसरी कोरी डिस्क कितीशी महाग होती?

आता हातात तीच डिस्क आहे, तेव्हा निदान आणखी नुकसान टाळावे. सगळ्यात आधी डिस्कची जशीच्या तशी आयएसओ प्रत घ्यावी. ती होईपर्यंत रूपांतराचे नाव काढू नये. मग मीडियाइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा प्रकार आणि चित्राचा बिटरेट पाहावा, म्हणजे दोष कुठला ते पाच मिनिटांत कळते. या आठवड्यातल्या फाइलमध्ये चौकोनांवर आणखी दोन जखमा होत्या. पंचवीस फ्रेमचे चित्र तिसाचे केले होते, त्यामुळे दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा येते आणि कॅमेरा पंगतीवरून फिरला की चित्र अडखळते. शिवाय ४:३ चे चित्र १६:९ मध्ये ताणले होते. माणसे एक तृतीयांशाने रुंद झाली. दोन्ही गोष्टी टाळायला एक पैसा लागत नाही. रूपांतराच्या हँडब्रेक सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट मूळचाच ठेवला, तर पहिली चूक होत नाही. हालचाल मूळ टीव्हीसारखी सलग हवी असेल, तर डीइंटरलेसमध्ये ‘बॉब’ निवडून पन्नास फील्डच्या, म्हणजे एकाआड एक ओळींच्या अर्ध्या फ्रेमच्या, पन्नास पूर्ण फ्रेम करून घ्याव्यात. एआयने चेहरे ‘सुधारून’ देण्याबद्दल या स्तंभाची भूमिका बदललेली नाही: जे बिट डिस्कवर कधी लिहिलेच गेले नाहीत, ते कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. ते नवा चेहरा रचते. आजीच्या जागी आजीसारखी दिसणारी दुसरीच बाई नको.

शीर्षकांबद्दल पूर्वी लिहिलेले पुन्हा सांगणे भाग आहे, कारण याही डिस्कवर तेच घडले आहे. इंटरलेस चित्रात सम आणि विषम ओळी आळीपाळीने येतात. बारीक टंकातली शिरोरेषा एकाच ओळीएवढी असेल, तर ती एकाच फील्डमध्ये राहते आणि पडद्यावर सेकंदाला पंचवीस वेळा लुकलुकते. रोमन अक्षरांत आडव्या रेषा तुकड्यातुकड्यांत येतात. देवनागरीत अख्ख्या शब्दावर आडवी रेघ असते, म्हणून हा रोग आपल्याला जास्त जडतो. ‘शुभविवाह’ लिहिताना शिरोरेषा किमान तीन ओळी जाड ठेवली की काम भागते. मराठी शीर्षके करणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी शिकवायला हवे. पैठणीच्या काठाची जर त्याच कारणाने थरथरते. तिथे मात्र फिल्टर लावून काठ किंचित मऊ करण्यापलीकडे काही करता येत नाही.

एक वाट मात्र अजून उघडी असू शकते, आणि फोर-केचे पैसे मोजण्याआधी ती तपासायला हवी. त्या काळात लग्ने सोनीच्या पीडी१७० सारख्या कॅमेऱ्यांवर, डीव्ही टेपवर टिपली जात. त्या टेपवर नुसत्या चित्रासाठीच सेकंदाला २५ मेगाबिट असतात आणि प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे आवळलेली असते. अक्षता तिथे दाण्यादाण्याने शाबूत आहेत. अनेक व्हिडिओवाले टेपवर पुन्हा चित्रण करत, हे खरे. पण काहींनी टेपा गिऱ्हाइकाला दिल्या आणि त्या माळ्यावर पत्रिकांच्या गठ्ठ्यात पडून आहेत. टेप सापडली, तर ती आधी पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे एकदा फिरवून घ्यावी, फायरवायर असलेला जुना कॉम्प्युटर शोधावा आणि तासाला सुमारे १३ जीबी या हिशेबाने हार्ड डिस्कवर जागा ठेवावी. प्रत एक्सफॅट किंवा एनटीएफएस डिस्कवर घ्यावी. फॅट३२ वर चार जीबीपुढे फाइल जात नाही आणि कॅप्चर अठरा-एकोणीस मिनिटांत तुटते.