आमचं ते झालंय!

जपानी शिकणाऱ्या माणसाला पुण्यात एकच प्रश्न विचारतात, "काय, कितवी लेव्हल?" काय येतं, हे कोणी विचारत नाही. पाच, चार, तीन, दोन, एक असा हा उलटा जिना आहे, आणि त्यावर मध्येच मागे वळणारा माणूस नापासच झालेला असणार, अशी सर्वांची ठाम समजूत! गेल्या महिन्यात मी माळ्यावरून पहिलं पुस्तक काढलं, तर आमच्या वर्गबंधूंनी असा चेहरा केला, की जणू मी बोहल्यावर चढताना दुपटं मागितलं. म्हणाले, "अहो, ते झालंय ना आपलं!"

हे 'झालंय'च मला मान्य नाही. गोवर होऊन जातो, बारसं होऊन जातं; व्याकरण होऊन जात नाही.

मराठी माणसाला तर जपानी फार लवकर 'होते'. 'मिरु' म्हणजे पाहणं, म्हणून 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन पाहणं. 'ओकु' म्हणजे ठेवणं, म्हणून 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणं. अगदी घरचंच! आणि घरचं वाटलं की आपण पान उलटतो. फसतो तो तिथेच.

आता 'देणं' घ्या. आपलं देणं एकच. जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु', दुसऱ्याने मला दिलं तर 'कुरेरु'. हीच क्रियापदं दुसऱ्या क्रियापदामागे लावली की 'करून देणं'. वर्गात हा धडा तासाभरात उरकला, रिकाम्या जागा भरल्या, दहापैकी दहा मिळाले. त्या दहा गुणांच्या जोरावर मी एका वयस्कर जपानी बाईंची जड पिशवी पाहून विचारलं, "तेत्सुदात्ते आगेमाशो का?" व्याकरण शुद्ध. बाई गोड हसल्या आणि पिशवी स्वतःच उचलून चालू लागल्या.

'मदत करू का?' असं मी विचारलं होतं. वडीलधाऱ्यांच्या कानाला ते 'तुमच्यावर मदतीचे उपकार करू का?' असं लागतं. नुसतं 'ओतेत्सुदाइ शिमाशो का' म्हणायचं होतं. हे कळलं ते पहिलं पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना.

तुम्ही म्हणाल, नोकरीला प्रमाणपत्र लागतं. लागतं ना! पण १९८४ साली सुरू झालेल्या त्या परीक्षेत बोलायचं नसतं, लिहायचं नसतं. पर्यायांतला एक गोल तेवढा काळा करायचा असतो. गोल काळा करायला धडा 'होऊन' चालतो. माणसाशी बोलायला नाही चालत.

अगदी पहिल्या दिवशीचा 'वा' घ्या. जेवायला बोलावणाऱ्या यजमानीणबाईंना "क्यो वा ओइशी देस ने" म्हणून पाहा. 'आज छान झालंय हं!' असं तुम्ही म्हणालात. पण तो 'वा' त्यांच्या कानात 'आज मात्र' होऊ शकतो. मग कालच्या जेवणाचं काय? हा प्रश्न कोणत्याही देशातल्या गृहिणीला पडतो.

पिशवीचं आणि जेवणाचं सोडा. आमच्या पहिल्या सेन्सेई जपानला परत गेल्या, तेव्हा मी त्यांना आभाराचं पत्र लिहिलं होतं. त्यात 'ओशिएमाशिता' लिहिलं. म्हणजे 'शिकवलंत'. झालं! पोस्टमनने पत्र टाकलं, दूधवाल्याने दूध घातलं, तुम्ही शिकवलंत. 'ओशिएते कुदासाइमाशिता' लिहिलं असतं, तर 'तुम्ही मला शिकवलंत, हे माझ्यावर तुमचं ऋण' एवढं सगळं त्या एका शेपटात मावलं असतं. धडा माझा तेव्हा 'झालेला' होता. आभार मात्र राहून गेले होते.

काल दुसरं पत्र टाकलं. त्यात ते शेपूट चार वेळा आहे.

आता कोणी "कितवी लेव्हल?" विचारलं, तर सांगतो, "पहिलाच धडा चाललाय. झाला की कळवीन."